शालिग्रामनानांचे चार रुपये

शालिग्राम नेहते यांना या सगळ्या प्रकरणात काय मिळणार होतं, त्याचा हिशेब आधी मांडतो. दलिचंद शेठच्या डाळमिलमध्ये वह्या लिहून लिहून माझी सवयच तशी झाली आहे. जमेची बाजू कळल्याशिवाय खर्चाकडे हात वळत नाही.

तर जमेला असं होतं. दर महिन्याला पगारातून कापले जाणारे चार रुपये नेमके कुठे जातात, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याचं समाधान. पाहून आल्यावर वाचनालयात त्यावर व्याख्यान. व्याख्यान बरं झालं तर वाचनालयाच्या कार्यकारिणीवर जागा, आणि जागा मिळाली तर दिवाळी अंक सगळ्यांच्या आधी घरी. खर्चाला होतं जळगाव ते सातपुड्याचा पायथा, जाऊन-येऊन एस.टी.चं भाडं, माणशी नऊ रुपये.

"नाना, चार रुपये बघायला नऊ रुपये?" मी विचारलं.

"तोतारामभाऊ, तत्त्वाला भाडं लागत नसतं."

कंडक्टरचं मत वेगळं निघालं, पण ते पुढे.

ही गोष्ट शहात्तर सालच्या उन्हाळ्यातली. त्याच्या आदल्या वर्षापासून सरकारने पगारदारांवर आणि धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला होता. खेड्यापाड्यात जो काम मागेल त्याला काम द्यायचं, रस्ते खणायचे, बांध घालायचे, आणि त्याची मजुरी शहरातल्या आमच्यासारख्यांच्या पगारातून काढायची, अशी ती योजना. योजनेबद्दल नानांची तक्रार नव्हती. ते सहकार खात्यात हेडक्लार्क. सरकारी योजनेबद्दल तक्रार करण्याचं वय त्यांनी केव्हाच ओलांडलं होतं. त्यांना लागलं होतं ते वेगळंच. पैसे कापले गेले, पण त्यांना कुणी काही सांगितलं नाही. पगारपत्रकात एक नवीन रकाना उगवला आणि त्यात चार रुपये जाऊन बसले.

"मुलगी द्यायची तर आपण स्थळ बघतो," नाना ओट्यावर बसून म्हणायचे. "घर कसं, माणसं कशी, सगळं बघतो. मग महिन्याला चार रुपये देतो ते कोणत्या घरी पडतात, हे बघायला नको?"

आतून सुनंदावहिनींचा आवाज आला, "मुलीला स्थळ बघायला तीन वर्षं लागली तुम्हाला. चार रुपयांना किती लागतील?"

नानांनी ते ऐकलं नाही. ऐकलं नाही म्हणजे ऐकून सोडून दिलं.

पहिली पायरी म्हणून ते रजा टाकून सरकारी कचेरीत गेले. मला बरोबर नेलं, साक्षीला म्हणून. (हा शब्द लक्षात ठेवा. पुढे फार महाग पडला.) टेबलामागच्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला.

"परतावा पाहिजे का तुम्हाला?"

"परतावा नको. पैसे बघायचे आहेत."

"कोणाचे?"

"माझे. कुठे खर्च झाले ते."

कारकुनाने चष्मा काढला. "परतावा मागायची तरतूद आहे. जास्त कापले म्हणून तक्रारीची तरतूद आहे. बघायची तरतूद नाही."

"का नाही, असं कोणी विचारलंय वर?"

"तुम्ही पहिलेच." मग त्याला दया आली असावी. "अहो साहेब, सगळ्या जिल्ह्याचे पैसे एकत्र होतात. त्यात सरकार आपले तेवढेच घालतं. पाटात पाणी सोडल्यावर माझी बादली कोणती, असं विचारून कसं चालेल? एखाद्या कामावर जाऊन या. आभाळाखालीच असतात कामं, कुलूप नसतं."

नानांनी याचा अर्थ परवानगी मिळाली असा घेतला, आणि तसं आळीत जाहीर केलं. तिथे खरी गडबड झाली. कारण कर काही एकट्या नानांचा कापला जात नव्हता. संध्याकाळपर्यंत भुसावळला रेल्वेत गार्ड असलेले समोरचे गृहस्थ येऊन म्हणाले, "माझे सहा जातात. तेही बघून या." सुनंदावहिनींच्या शिक्षिका मैत्रिणीने तिचे तीन सांगितले. पोस्टातले एक जण म्हणाले की बांधकामात सिमेंट कमी घालतात, तेव्हा एक ठोकर मारून बघा. बांध मातीचा असतो असं मी म्हटल्यावर ते म्हणाले, "मग दोन ठोकरा मारा." नानांनी डायरीत सगळ्यांची नावं आणि रकमा उतरवल्या. बेरीज झाली एकेचाळीस. आता नाना चार रुपयांचे राहिले नाहीत, एकेचाळीस रुपयांचे झाले, आणि त्यांच्या चालण्यात ते दिसायला लागलं.

मी शेठकडे शनिवारची सुट्टी मागायला गेलो. दलिचंद शेठनी कारण विचारलं. मी सांगितलं.

"तोतारामजी," शेठ गादीवर रेलून म्हणाले, "सरकार तुमचे पैसे घेतं. मजुराला देतं. मजूर आमच्या लखीचंदकडे जातो, ज्वारी घेतो, डाळ घेतो, मीठ घेतो. लखीचंद माल कुठून उचलतो? आपल्याकडून. तुमच्या नानांना चार रुपये बघायचे आहेत ना? मग इतकं लांब कशाला जाता? या माझ्या गल्ल्यात बघा."

आणि त्यांनी खरंच गल्ला उघडून दाखवला. हसले. मीही हसलो, पगार त्याच गल्ल्यातून होत होता. शेठही व्यवसाय कर भरत. सालाचे अडीचशे. त्यापेक्षा जास्त सरकारला कुणाकडूनही घेता येत नाही, तसा कायदाच आहे. नानांचे सालाचे अठ्ठेचाळीस जात, शेठचे अडीचशे. हे अडीचशे शेठच्या मिळकतीच्या मानाने किती, याचं गणित मला येतं. पण मी नोकरीवर आहे.

लखीचंद हा शेठच्या चुलत मेव्हण्याचा मुलगा. पायथ्याच्या गावात त्याचं किराणा दुकान. शेठनी त्याच्यासाठी तूरडाळीचा नमुना माझ्याकडे दिला, म्हणजे सुट्टी फुकट गेली नाही.

शनिवारी पहाटेच्या गाडीने आम्ही निघालो. नानांनी पांढरं धोतर, पांढरा सदरा, वर टोपी, काळी छत्री आणि हातात डायरी असा पोशाख केला होता. चार रुपयांना नाही, पण एकेचाळीस रुपयांना शोभेलसा. सुनंदावहिनींनी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता. चोपड्याला गाडी बदलली, फाट्यावर उतरलो, आणि तिथून ऊन डोक्यावर घेऊन पाऊण तास चालत कामावर पोचलो.

पाझर तलावाचं काम होतं. नाल्याला आडवा मातीचा बांध, वरच्या अंगाला उघडी टेकडी. खालच्या अंगाला, बांधापासून थोड्याच अंतरावर, कुणा बागाईतदाराची केळीची हिरवीगार बाग. तलावात साठलेलं पाणी मुरून त्याच बागेच्या विहिरीत उतरणार होतं, हे मला लगेच दिसलं. केळीवर व्यवसाय कर नसतो, हेही मला आठवलं. मी नानांना काही बोललो नाही. माणूस स्थळ बघायला आला असताना पहिल्याच पावलाला खोड काढू नये.

पण कामावर माणसंच नव्हती. म्हणजे आम्ही दिसेपर्यंत होती. लांबून आम्ही पंधरा-वीस जण खणताना पाहिले होते. जवळ गेलो तो बायका तेवढ्या टोपल्या घेऊन उभ्या आणि एकही पुरुष नाही. टेकडीवरच्या झुडपांत मात्र बरीच हालचाल.

एक काटक, उन्हाने काळवंडलेली बाई पुढे आली. तिचं नाव रुपली, हे नंतर कळलं.

"आपरेशनवाला शेतस का तुम्ही?"

वर्ष आणीबाणीचं आणि सक्तीच्या नसबंदीचं होतं. पांढरे कपडे, डायरी आणि शहरी चाल दिसली की त्या भागातले पुरुष रान गाठत, आणि त्यांना नावं ठेवता येत नव्हती. नानांच्या मात्र ते वर्मी लागलं.

"छे छे, बाई! आम्ही ते नाही. आम्ही कर भरतो."

"काय भरतस?"

"कर! म्हणजे तुमच्या मजुरीचे पैसे. ते आम्ही देतो."

रुपलीने हे वाक्य नीट तोलून घेतलं. मग तोंडाला हात लावून टेकडीकडे ओरडली, "ये चैत्राम! बठ्ठा खाले या रे! पगारवाला शेतस!"

झुडपांतून एकेक जण उतरू लागला. चैत्राम हा रुपलीचा मुलगा आणि या अठरा जणांच्या टोळीचा पुढारी. त्याने दोन्ही हात जोडले. नानांना इतकं आदराने कुणी कधी पाहिलं नसावं; त्यांच्या कचेरीत तर नाहीच. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली आणि ते पाहणीला निघाले.

माती काढलेले सहा खड्डे होते, चौकोनी, कडा सरळ. नानांनी प्रत्येकाच्या काठावरून ढांगा टाकल्या आणि लांबी-रुंदी डायरीत लिहिली. व्याख्यानात आकडे असले की लोक गप्प बसतात, असा त्यांचा अनुभव. टोळी मागोमाग चालत होती.

सगळं व्यवस्थित होतं, एक गोष्ट सोडून. प्रत्येक खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट तसाच ठेवलेला होता. कमरेइतका उंच, माथ्यावर वाळक्या गवताचा झुबका. सगळा खड्डा साफ आणि मधेच हा बुटका उभा.

"हे काय अर्धवट काम?" नाना मला म्हणाले. त्यांना कचेरीत निकाली निघालेल्या फाइलीत एक जरी कागद उरलेला दिसला तरी जेवण जात नसे. "आळस झाला असणार. ऊन फार आहे, बिचाऱ्यांचा दोष नाही. तोतारामभाऊ, आपण नुसते बघे म्हणून आलो का? पैसे देतो, तसा थोडा घामही देऊ."

आणि त्यांनी सदरा काढला.

नानांना बनियनवर आळीने कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चैत्रामची कुदळ मागून घेतली, खड्ड्यात उतरले आणि पहिला खुंट फोडला. टोळीत एकदम कुजबुज झाली. मग रुपली हसली. मग सगळेच हसले, एका पोराने शीळ घातली, एका बाईने नानांना पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा आणून दिला.

"बघा," नाना धापा टाकत म्हणाले, "श्रमाची किंमत श्रम करणाऱ्यालाच कळते."

दुसरा फोडला, तिसरा फोडला. चौथ्याला त्यांच्या तळहाताला फोड आले, पण कौतुक असं होतं की थांबता येईना. उरलेले दोन त्यांनी मला दिले. मी नको म्हणत होतो. पण सगळी टोळी माझ्याकडे बघत असताना छत्री धरून उभं राहणं जास्त जड होतं. दोन्ही फोडून होईपर्यंत माझा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली गेला होता, तो अजून तसाच आहे असं घरचे म्हणतात.

आम्ही सावलीला बसून भाकरी खाल्ली. टोळी खुशीत होती. चैत्रामने विचारलं, "साहेब, पैसा आजच भेटतीन ना? सकाय बजार शे."

"मिळतील की," नाना ठेच्याचा घास घेत म्हणाले. एकेचाळीस रुपयांच्या वतीने बोलायला काय जातंय.

तेवढ्यात सायकलवरून मोजणीचे ओव्हरसियर आले. कॅरिअरला पैशांची लोखंडी पेटी, खांद्याला मोजपट्टी. आठवड्याचं काम मोजायचं आणि जागच्या जागी मजुरी वाटायची, अशी त्यांची रीत. ते पहिल्या खड्ड्याशी गेले, थबकले. दुसऱ्याशी गेले. मग सहाही फिरून परत आले.

"साक्षीदार कुठे गेले?"

"कोणत्या खटल्यातले?" नानांनी विचारलं.

ओव्हरसियरनी जे सांगितलं ते असं. खणून नेलेली माती बांधावर पडून दबते, वाहते; तिचं माप धरत नाहीत. माप धरतात ते खड्ड्याचं. खड्डा किती खोल गेला, हे कळायला मधोमध मूळच्या जमिनीचा एक खुंट राखतात. त्यालाच साक्षीदार म्हणतात. त्याच्या माथ्यावरचं गवत बघायचं, म्हणजे वर माती थापून उंची वाढवलेली नाही हे कळतं. माप झालं की मोजणारा साहेब सांगतो, आणि मगच तो फोडतात.

मगच फोडतात. आता टोळी का हसली होती ते मला कळलं. डायरीवाला साहेब आला, पैसे आम्ही देतो म्हणाला, ढांगा टाकून लिहून घेतलं आणि स्वतःच्या हाताने साक्षीदार फोडले. त्यांच्या लेखी आठवडा मोजून झाला होता.

नानांनी डायरी पुढे केली. "माझ्याकडे सगळी मापं आहेत."

"तुमच्या ढांगा सरकारमान्य नाहीत," ओव्हरसियर म्हणाले. "आणि खोली कुठे आहे?"

खोली नव्हती. खोली मापायची असते हेच आम्हाला माहीत नव्हतं.

"पुन्हा उभे करतो खुंट," नाना म्हणाले. "मी स्वतः करतो."

"तुम्ही कोण?"

नाना बनियनवरची माती झटकू लागले. मग मीच सांगितलं, "जळगावचे. कर भरतो."

"मीपण भरतो," ओव्हरसियर म्हणाले. "मी काय फोडत सुटत नाही."

माणूस वाईट नव्हता. नियमात मोजता न आलेल्या कामाला मोल शून्य. पण त्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले की बांधावर पडलेली माती मोजून बघू. मागच्या आठवड्याची वजा करायची, दबण्याची वजा करायची, उरेल ते लिहू. पट्टी धरून तास गेला. एरवी या सहा खड्ड्यांचे दोनशे सत्तर रुपये झाले असते, हे त्यांनाही नजरेने दिसत होतं. बांधावरून निघाले एकशे ऐंशी. नव्वद रुपये मातीत गेले.

आरडाओरड होईल अशी माझी अपेक्षा होती. झाली असती तर बरं झालं असतं. माणसं नुसती बसली. नव्वद रुपये म्हणजे अठरा जणांना माणशी पाच, आणि पाच म्हणजे दोन दिवसांची मजुरी.

"मंग बजार?" रुपली म्हणाली. हे तिने कुणालाच विचारलं नाही. मग नानांकडे वळून, अगदी साध्या आवाजात, "तुम्हीनच सांगं ना, पैसा आम्ही देतस?"

टोमणा नव्हता तो. ती खात्री करून घेत होती.

नानांनी सदरा घातला. गुंड्या लावताना एक चुकली. "हो," ते म्हणाले. "सांगितलं खरं."

परतीचं भाडं वजा जाता आम्हा दोघांकडे मिळून अकरा रुपये होते. मी नानांना घेऊन लखीचंदच्या दुकानात गेलो. डाळीचा नमुना दिला, आणि नव्वद रुपये उसने मागितले.

लखीचंद सगळं ऐकून घेत होता, मधेच वजनं पुसत. "नानासाहेबांना मी ओळखत नाही," तो म्हणाला. "तुमच्या नावे देतो, तोतारामजी. काकाजी तुमच्या पगारातून कापून घेतील. शेकडा दोन."

"शेकडा दोन कशाचे?" नाना चिडले. "इथे लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे!"

"म्हणून तर देतोय," लखीचंद म्हणाला. "नसता तर चार घेतले असते."

त्याने गल्ल्यातून नोटा मोजून दिल्या. त्यात दहाची एक नोट कोपरा फाटलेली होती, निळ्या शाईचा डाग पडलेली. माझ्या डोळ्यांना अशा गोष्टी दिसतात. टोळी दुकानाबाहेर येऊन थांबली होती; त्या नोटेसकट सगळे नव्वद मी चैत्रामला दिले. चैत्रामने तिथेच वाटणी केली तेव्हा ती नोट त्याच्या आईच्या वाट्याला गेली. रुपली तिथूनच दुकानात शिरली. बाजार उद्या असला तरी चूल त्याच संध्याकाळची होती. तिने ज्वारी घेतली, मीठ, काडेपेटी आणि बाटलीभर रॉकेल घेतलं, आणि ती नोट लखीचंदच्या गल्ल्यात परत गेली. नोट गल्ल्यातून बाहेर पडून अर्धा तास झाला नसेल. काडेपेटीच्या आणि रॉकेलच्या किमतीत सरकारचा कर असतो, तो रुपलीने कुठल्याही रकान्याशिवाय भरला. तो कुठे जातो हे बघायला ती जळगावला येणार नव्हती.

दलिचंद शेठचं म्हणणं शब्दाशब्दाने खरं ठरलं होतं. मला त्याचा आनंद झाला नाही.

"आपण या लोकांना वाचवलं, असं म्हणता येईल का हो?" नानांनी हळूच विचारलं.

"आपण बुडवलं, मग वाचवलं," मी म्हटलं. "बाकी शून्य."

आम्ही फाट्याकडे निघालो तर मागून चैत्राम धावत आला. नाना घाबरले, आणखी काय फोडलं असेल ते मनात आठवू लागले. चैत्रामने मूठ उघडली. एक एक रुपया आणि चार-चार आणे, दोघांसाठी वेगवेगळे.

"हे कशाचे?"

"तुम्हना वाटाना."

"आमचा कसला वाटा?"

"तुम्ही खंदं ना. आरधा रोज." चैत्रामला यात समजावण्यासारखं काही दिसत नव्हतं. टोळीची रीत तशी होती. कुणी किती खणलं, चांगलं खणलं की वाईट, हे बघायचं नाही. ज्याने कुदळ हातात घेतली त्याचा डोक्यामागे वाटा.

"अरे, पण आम्ही तर नुकसान केलं!" नाना म्हणाले.

"ते तुम्ही भरी दिन्हं. त्याना हिसाब चुकना. हाई खंदानं." त्याने मागे बोट दाखवलं. "माय वाट देखी राहिनी. तुम्ही नही लिन्हं ते तिले वाईट वाटी."

लांब बांधावर रुपली उभी होती. नानांनी सव्वा रुपया घेतला. मीही घेतला. एस.टी.त नाना खिडकीशी बसले. चोपडा येईपर्यंत मूठ उघडली नाही. कंडक्टरने तिकिटाचे पैसे मागितले तेव्हा त्यांनी दुसऱ्या खिशातून दिले.

घरी सुनंदावहिनींनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे साठ रुपये घालवून सव्वा रुपया कमावून आलात," त्या म्हणाल्या. नव्वद आम्ही फोडलेल्या खुंटांच्या हिशेबाने वाटून घेतले होते: एका साक्षीदाराचे पंधरा; नानांचे चार, माझे दोन. मग त्यांनी नानांच्या हाताचे फोड पाहिले, हळद लावली, आणि तो सव्वा रुपया देवापुढे ठेवला. नानांच्या पहिल्या पगारातला रुपयाही त्यांनी तिथेच ठेवला होता म्हणे.

दुसऱ्या दिवशी आळी जमली. "माझ्या सहा रुपयांचं काय झालं?" गार्डसाहेबांनी विचारलं.

"पोचले," नाना म्हणाले.

"बांध कसा आहे? ठोकर मारलीत का?"

"मारली," नाना म्हणाले आणि आत गेले. वाचनालयातलं व्याख्यान झालं नाही. त्या वर्षीचे दिवाळी अंक त्यांना नेहमीसारखे फेब्रुवारीत मिळाले.

माझे साठ रुपये नानांनी हप्त्याने फेडले, महिन्याला चार. म्हणजे पंधरा महिने त्यांच्या पगारातून आठ जात: चार सरकार कापायचं, चार मी. माझ्या चारबद्दल ते कुरकुरले नाहीत याचं मला नवल नव्हतं. सरकारच्या चारबद्दलही पुन्हा कधी कुरकुरले नाहीत. एकदाच, हप्ता देताना म्हणाले, "तोतारामभाऊ, त्या सव्वा रुपयाचं काय? तो कोणी दिला?"

"सरकारने. रोजगार हमीतून."

"सरकारने दोनशे सत्तरच्या जागी एकशे ऐंशी दिले. उरलेले आपण दिले. मग आपल्याला सव्वा रुपया कोणी दिला?"

प्रश्न हिशेबाचा होता, म्हणून मी उद्यावर ढकलला नाही. तिथेच बोटांवर मांडला. तो असा. नानांनी भरले साठ, आणि कर आहेच. मी भरले तीस, वर लखीचंदचे एक रुपया ऐंशी पैसे. लखीचंदने काही भरलं नाही, उलट एक ऐंशी मिळवले आणि ज्वारीवरचा नफा वेगळा. शेठनी नेहमीचे अडीचशे भरले. त्या हंगामात डाळीला किलोमागे एक पैसा चढवला, त्यात ते निघाले. बागाईतदाराने काहीच भरलं नाही. पावसाळ्यानंतर त्याच्या विहिरीला चार हात पाणी वाढलं, असं लखीचंदने कळवलं.

आणि आम्हा दोघांचे मिळून अडीच रुपये अठरा जणांच्या वाट्यातून निघाले होते. माणशी चौदा पैसे. कुणाला आणि कशासाठी ते ठाऊक असून, आणि आम्ही घेतो ना म्हणून वाट बघत त्यांनी भरलेले.